पेल्यावरची बोटं

देवाला नैवेद्य दाखवून झाला की वहीत चार ओळी लिहायची मला माहेरापासून सवय आहे. महिपत आमच्याकडे आला त्या सोमवारची ओळ अशी आहे: "आज औषधाच्या खोलीत नवा माणूस. बाटल्या धुतो, पण आवाज होत नाही."

आमचे हे महाडात वैद्यकी करत. घराच्या मागच्या अंगाला औषधाची खोली होती. तिथे काढे उकळायचे, मुळ्या वाळायच्या, आणि मुळ्या कुटणारी रखमा खलबत्ता घेऊन बसली की तिच्या तोंडाचा आणि हाताचा पट्टा एकदमच सुरू व्हायचा. बाटल्या धुवायला आणि भरायला माणूस हवा होता. महिपत उमरठच्या वरच्या वाडीतला. बावीस वर्षं मुंबईत एका पारशी शेठजींच्या बंगल्यात नोकरी केली, शेठजी वारले, बंगला विकला गेला, आणि हा गावी परतला. चाळिशीच्या आसपासचा, सडसडीत. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ.

त्याचं काम बघत बसावंसं वाटायचं. बाटली धुतली की ती आतून कधी पुसायची नाही. घडी घातलेल्या फडक्यावर उलटी करून निथळू द्यायची. दुसऱ्या दिवशी भरण्याआधी प्रत्येक बाटली नाकाशी धरायची. एखादी बाजूला ठेवून द्यायचा.

"तिला काय झालं?" मी एकदा विचारलं.

"फडक्याचा वास हाय वैनी. कुणीतरी आतून पुसलीय."

रखमाने कुटणं थांबवलं नाही, पण मान खाली घातली. पुसली होती तिनेच.

"मुंबईला हेच करत होतास का रे?"

"टेबल करीत होतो."

"म्हणजे सुतारकाम?"

तो हसला. "नाय वो. शेठचं जेवणाचं टेबल. वाढायचं, उचलायचं. आन् वायन द्यायची."

आता मात्र खलबत्ता थांबला. "अगो बाई!" रखमा म्हणाली. "गळ्यात माळ आन् हातात दारूची बाटली? विठोबानं कुठं बघायचं रे तवा?"

"हाताकडं बघायचं," महिपत म्हणाला. "हात ओला नाय झाला कधी. थेंब सांडला तर शेठीण बोलायची."

त्या दुपारच्या पानावर मी लिहिलं आहे: "महिपतने भरलेलं पाणी देवाला चालेल का? ह्यांना विचारणे." संध्याकाळी विचारलं. हे मोठ्याने हसले. "मग माझ्या हातचंही चालायचं नाही. कोपऱ्यातल्या त्या बरणीत काय आहे?"

बरणीत द्राक्षासव होतं. मनुका उकळून, गूळ, मध आणि धायटीची फुलं घालून, बरणीचं तोंड कापडमातीने बंद करून ती भाताच्या तुसात महिनाभर पुरून ठेवायची. आतल्या आत ते आंबतं, फसफसतं, मग शांत होतं. बाळंतिणीला, खोकल्याला, भूक मेलेल्या माणसाला जेवणानंतर दोन चमचे, तेवढंच पाणी घालून. मी स्वतः दोन बाळंतपणांत घेतलं होतं.

"मग त्या वाइनमध्ये आणि ह्यात फरक काय?" मी विचारलं.

"मात्रा," हे म्हणाले आणि पंचांग बघायला लागले.

मला तेवढ्याने पुरलं नाही. तिथून माझं विचारणं सुरू झालं. देवाची उपकरणी घासता घासता मी मागच्या दाराशी बसायची, महिपत बाटल्या भरायचा, आणि मी एकेक काढून घ्यायची. सरकारची दारूबंदी असताना शेठजींना मिळायची कशी? डॉक्टरचं परमिट होतं, त्यावर शिक्का होता, महिन्याचा आकडा ठरलेला. म्हणून तर एकेक बाटली जपून वापरायची. बाटल्या उभ्या का नाही ठेवायच्या? आडव्या ठेवल्या की बूच आतून ओलं राहतं. वाळलं की आखडतं, आणि फटीतून हवा आत जाते.

"हवा गेली तर काय होतं?"

"आंबट होती. शेठ म्हणायचा, हवा म्हंजे चोर."

पण दोन दिवसांनी तोच महिपत काय सांगतो! जुनी लाल वाइन असली की ती जेवणाआधी तासभर काचेच्या सुरईत ओतून ठेवायची. सावकाश ओतायची. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती लावायची, म्हणजे तळातला गाळ मानेशी येताना दिसतो. गाळ दिसला की तिथेच हात थांबवायचा, उरलं ते उरलं. आणि सुरई उघडीच ठेवायची.

"उघडी? का रे?"

"तिला हवा लागाया पायजे ना."

"अरे पण हवा चोर म्हणालास!"

महिपतने हातातली बाटली खाली ठेवली. "वैनी, बावीस वर्सांत हे मला कुणी इचारलं नाय," तो म्हणाला. "शेठनं सांगितलं तसं मी केलं. बाटलीत कोंडलेली असती तवा कडक असती, जिभेला वढती. तासभर हवा खाल्ली की मऊ व्हती. दोन दिस खाल्ली की वाया. मधी कुठं फिरती ते मला नाय ठाव."

जेवणं झाल्यावर अर्धी बाटली उरली तर? ती लहान बाटलीत ओतायची, गळ्यापर्यंत भरेल अशी. वर हवेला जागाच ठेवायची नाही. पेला मात्र कधी भरायचा नाही, तिसरा हिस्साच. वर मोकळी जागा असली की वास त्यात साठतो. हे सगळं मी लिहून घेतलं. स्तोत्रांच्या पानामागेच लिहिलंय, वही तीच.

लिहून थांबले असते तर बरं होतं. पौषात एक बरणी उघडली. आसव चांगलं उतरलं होतं, पण नवं असल्याने जिभेला जरा ओढत होतं. मला वाटलं, ह्याला हवा दाखवू. मी त्यातलं शेरभर आसव एका रुंद तोंडाच्या बरणीत ओतलं, वर पातळ मलमल बांधली आणि देवघराच्या खिडकीत ठेवलं. तासाभराने काढायचं होतं. मध्येच संकष्टी आली, पाहुणे आले, मोदक करायचे होते, आणि बरणी मी साफ विसरले. आठवड्याने मलमल सोडली तर घरभर आंबूस वास. ह्यांनी एक थेंब जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. "शुक्त झालं," म्हणाले. म्हणजे वैद्यांच्या भाषेत गेलं.

महिपतने फक्त वास घेतला. "वैनी," तो म्हणाला, "तासभर म्हनलो होतो." रखमा चार दिवस हसत होती. मी ते आसव ओतून दिलं नाही. बूच मारून ठेवलं. आठ दिवस म्हणजे फारच झालं, हे कळलं होतं. पण तास आणि आठ दिवस ह्यांच्यामध्ये कुठे ते फिरतं, हे मला बघायचंच होतं.

ह्यानंतरची गोष्ट सांगायची तर आधी महिपतच्या मनातलं सांगायला हवं.

उमरठला दरवर्षी माघात हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दोन दोन तासांचा पहारा. महिपतचे वडील त्या पहाऱ्याला उभे राहायचे. मुंबईच्या नोकरीत महिपतला कधी माघात रजा मिळाली नाही. परत आल्यापासून दोन वर्षं तो मागत होता, दोन्ही वर्षं भजनी मंडळाच्या गोमाजीबुवांनी नाही म्हटलं. कारण एकच. ज्याने बावीस वर्षं दारू वाढली त्याने ती चाखली असणारच, आणि चाखून वर माळ मिरवतो तो खोटा. अशाच्या गळ्यात वीणा द्यायची नाही.

महिपतची आई ठमाबाई फार थकली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. "तुझा बाप उभा असला की मला आवाजावरनं कळायचं," ती म्हणायची, "तू उभा राहिलास की बघू कळतंय का." पुढच्या माघापर्यंत ती असेल की नाही, ह्याची महिपतला खात्री नव्हती. तो कधी रडगाणं गात नसे. पण त्या पौषात त्याने एका दिवशी दोनदा विचारलं, "वैनी, बुवा औषधाला येतात ना हो महाडात?"

बुवा आले. त्यांची सून आवडी बाळंत झाली होती, तिच्यासाठी द्राक्षासव हवं होतं. भारदस्त माणूस, खांद्यावर पंचा, आवाज असा की पलीकडच्या आळीत ऐकू जावा. हे त्या दिवशी सर्दीने बेजार होते, नाकाला ना वास ना जिभेला चव. दुसरी बरणी नुकतीच तुसातून काढली होती.

"महिपत," ह्यांनी हाक मारली, "जरा बघ रे, ही झालीय का नीट."

महिपतने कापडमाती सोडवली. आधी वास घेतला. मग पळीभर आसव काचेच्या बाटलीत घेतलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. बाटली तिरपी केली, सरळ केली, काचेवरून ओघळ कसा उतरतो ते पाहिलं. कान लावून बरणीत अजून फसफस आहे का ते ऐकलं.

"झालीय. पण अजून दोन दिस बसू दे, गाळ खाली जाईल. आज द्यायची तर वरची वरची द्या."

"जरा चाखून बघ की," हे म्हणाले.

"नको."

"अरे, औषध आहे."

"आपल्याला ठाव हाय मालक, मी नाय घेत."

ते खरं होतं. मागच्या थंडीत तो खोकत होता तेव्हाही ह्यांना त्याच्यासाठी अडुळशाचा काढा वेगळा करावा लागला होता.

गोमाजीबुवा ओसरीवरून सगळं बघत होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा वैद्यबुवा, बघा! आता तुम्हीच सांगा. न पिता हे कुणाला कळतंय? जिभेला लागल्याबिगर नाक शिकतंय व्हय?"

मी दारात होते. महिपतने काम जितकं चोख केलं तितका तो त्यांच्या लेखी खोटा ठरला. त्याने चूक केली असती तर बरं झालं असतं, असं क्षणभर मला वाटलं.

महिपत हात पुसत उभा राहिला. "बुवा, नाकानं नाय शिकलो मी. तोंडं बघून शिकलो."

"कुणाची तोंडं?"

"खाणारांची. मी मागं उभा. शेठ पहिला घोट घ्यायचा, मी बघायचा. मग मी बूच हुंगायचा. ह्या वासाला असं तोंड, त्या वासाला तसं. बावीस वर्सं."

"मोठ्या लोकांची तोंडं वाकडी होत नाय रे. पैशाची वस्तू थुंकतंय कोण?"

"म्हनून तर नुसतं तोंड बघायचं नाय. बाकीचं बघायचं."

"थापा मारतोस."

"तुम्ही घ्या. मी पेला न बघता सांगतो तुम्हाला कुठली दिली ती."

रखमा पुढे सरकून बसली. बुवांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शिंकले आणि म्हणाले, "औषधच आहे. दोन चमच्यांनी काही होत नाही."

"मी तोंड हलवणार नाय," बुवा म्हणाले. "आधीच सांगतो."

"नका हलवू," महिपत म्हणाला.

कामाला मी लागले. असलं काम मला जन्मात कुणी सांगितलं नसतं. मागच्या खोलीत दार लोटून घेतलं. तीन लहान काचेचे पेले होते. एकात नव्या बरणीतलं आसव, तसंच. दुसऱ्यात तेच आसव, पण दोन भांड्यांतून उंचावरून दहादा खालीवर ओतलेलं. तासभर थांबायला वेळ नव्हता, ही युक्ती महिपतनेच कधीतरी सांगितली होती. तिसऱ्यात माझ्या खिडकीतलं बिघडलेलं, थोडा मध घालून. मध का घातला ते विचारू नका. बुवांनी पहिल्या घोटालाच ओरडू नये म्हणून असेल. तिन्ही पेले सारखे तिसऱ्या हिश्शापर्यंत भरले आणि वर पानांचे द्रोण पालथे घातले, वास बाहेर येऊ नये म्हणून. महिपत ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या उलट अंगाला बसला.

तिन्ही कुठली ते मी महिपतला सांगितलं, क्रम नाही; भरले त्या क्रमाने मी दिलेही नाहीत. पहिला पेला मी दिला. बुवांनी घोट घेतला. चेहरा देवळातल्या खांबासारखा. पेला खाली ठेवला.

दुसरा. तोच चेहरा.

तिसरा. मला वाटलं भुवई हलली, पण नाही, हललीच नाही. मंडळाचे बुवा आहेत ते, उगीच नाही.

"सांग," ते म्हणाले.

"पहिली नवी बरणी, तशीच," महिपत म्हणाला. "तुमची जीभ वरच्या दातांवरनं फिरली, आतून. गालावर दिसली. वढली तिनं. दुसरी गेलेली, वैनीची. तुम्ही पेला खाली ठेवलात तवा पहिल्यापेक्षा चार बोटं लांब ठेवलात. तिसरी नवीच, पण ओतून हवा दाखवलेली."

"कशावरून?"

"अजून तुमची बोटं पेल्यावर हायेत."

बुवांनी खाली पाहिलं. खरोखरच त्यांची दोन बोटं तिसऱ्या पेल्याच्या काठावर होती. त्यांनी ती झटकन काढली. रखमा पदरात तोंड घालून हसली. "आता बुवाच टेबलावर बसले," ती म्हणाली. हे हसले, मग खोकले. मी दिलेला क्रम तोच होता. पहिला नवा, दुसरा बिघडलेला, तिसरा ओतलेला.

"काय म्हणायचं ह्याला," बुवा स्वतःशी म्हणाले. मग त्यांनी पंचा चाचपला. त्यांचा आवाज खाली आला. "बरं. पटलं मला. सप्त्याला उभा राहा. पण एक सांग, माळेवर हात ठेवून. माझ्या मनात किंतु नको. कधीच नाय ना लागली जिभेला?"

झालं, असं मला वाटलं. एवढं "नाही" म्हणायचं होतं. समोर त्याच्या मनातली गोष्ट हातात येत होती. मी देवाला मनातल्या मनात नमस्कारही करून टाकला.

महिपतने माळेवर हात ठेवला.

"लागली," तो म्हणाला. "एकदा."

रखमाचं हसणं मिटलं.

"पहिल्या वर्सी. पोरगा होतो. पाव्हणे गेले, टेबल आवरत होतो. पेल्यात घोटभर राह्यली होती. हे लोक काय एवढं पितात ते बघू म्हनलं. प्यालो."

"मग?" बुवांचा आवाज कडक झाला. "कडू लागली?"

"नाय बुवा. कडू लागली असती तर बरं व्हतं." महिपतने मान वर केली. "लई चांगली लागली. दुसऱ्या दिशी हात परत गेला पेल्याकडं. तवा घाबरलो. त्याच आठवड्यात एका कीर्तनकाराकडनं माळ घालून घेतली. माळ असल्याबिगर मला ती नोकरी जमली नसती."

गोमाजीबुवांनी पेल्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. ज्याने इतकी वर्षं सगळ्या गावाला माळेचा अर्थ सांगितला त्याला आज ओसरीवर कुणीतरी तो सांगितला होता, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माझं वाचणं चुकलंही असेल. मी महिपत नाही.

"मी तेरा वर्सांचा असताना आज्यानं घातली मला," ते म्हणाले. "का घातली ते मला कुणी इचारलं नाय. मीही नाय." मग ते उठले, आसवाची बाटली पंचात गुंडाळली आणि पायरी उतरता उतरता म्हणाले, "बारा ते दोनचा पहारा रिकामा हाय. ऊन असतंय, माणसं जेवायला जातात. ऐकायला कुणी नसंल."

"चालंल," महिपत म्हणाला.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं एस.टी.ने पोलादपूरपर्यंत गेलो, पुढे पायी. पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. देवळात खरंच कुणी नव्हतं. मधोमध महिपत उभा होता, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, आवाज काही फार गोड नाही, पण न तुटणारा. भिंतीला टेकून तेवढी एक म्हातारी बसली होती. मी तिच्याजवळ बसले. ती ठमाबाई, हे कुणी सांगायला नको होतं.

"कोण उभं हाय गो?" तिने विचारलं.

"महिपत," मी म्हटलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "तू परत सांग."

मी परत सांगितलं.